कोरडे कपडे खाली ठेवायचे नसतात

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुका निघतील, त्या नातीनं काढल्या तेवढ्या काढल्या, बाकीच्या तुम्ही सोसा. पण आमच्या पनवेलजवळच्या खाडीकाठच्या गावातलं अडुसष्ट वर्षांचं कुणी माणूस त्या प्लास्टिकच्या अरुंद होडीत बसून धावत्या नदीत गेल्याचं मी ऐकलेलं नाही. उद्या कुणाच्या मनात आलंच, तर तिथं काय होतं ते त्याला आधी कळावं म्हणून हे लिहितो.

भीती वाटते. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. मी चार दिवस कोलाडला होतो आणि चारही दिवस मला भीती वाटली.

जायचं कारण माझी नात प्राची. एकवीस वर्षांची आहे. कॉलेज पनवेलात, पण गेली दोन वर्षं सुट्टी मिळाली की ही पळते कोलाडला, कुंडलिका नदीवर. तिथं ती कयाक शिकली. कयाक म्हणजे एका माणसाची बंद होडी, फक्त कमरेपासून वरचं अंग बाहेर. आता तिथल्या कॅम्पवाल्यांनी तिला सांगितलं की परीक्षा दे, पास झालीस तर नोकरी. काम काय, तर पर्यटकांच्या मोठ्या रबरी होड्या नदीतून जातात, त्यांच्या बरोबरीनं आपल्या कयाकमधून जायचं आणि त्यातला जो कोणी पाण्यात पडेल त्याला उचलायचं. रोज सकाळी.

माझा मुलगा कळंबोलीला लोखंडबाजारात आहे. त्यानं हात वर केले. सून म्हणाली, "आई असत्या तर त्यांना विचारलं असतं. आता बाबा हो म्हणाले तर जा, नाय म्हणाले तर नाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आई म्हणजे हिरा, माझी बायको. ती गेली त्याला चौदा महिने झाले होते. माझ्या तोंडात नाही आलंच होतं. एक दवाखान्यात गेली, दुसरी कशाला नदीला देऊ? पण आम्ही मिठागरवाले. जन्मभर मी एकच गोष्ट बोलत आलो, तीच तोंडातून निघाली. म्हणालो, "बांधावरून मीठ बघून भाव सांगणारा माणूस मी नाय. पाण्यात उतरून बघीन, मग सांगीन."

मला वाटलं एवढं बोलल्यावर विषय मिटेल. पोरीनं त्याच संध्याकाळी फोनवरून माझं नाव घातलं, चार दिवसांचं शिक्षण, नवशिक्यांचं. डॉक्टरची चिठ्ठी लागते म्हणाले. मी मनात म्हटलं, डॉक्टर तरी नाही म्हणेल. डॉक्टरनं रक्तदाब बघितला आणि म्हणाला, काका, तुमचं काळीज माझ्यापेक्षा चांगलं आहे.

कोलाड, पहिला दिवस

पनवेल स्टँडवरून एसटीनं गेलो. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कागदाच्या पुडीत मीठ. मीठ मी परगावी नेहमी घरचं नेतो. आमचं मिठागर गेलं, तिथं आता बारा मजले उभे आहेत, पण शेवटच्या वर्षाचं मीठ हिरानं बरणीत भरून ठेवलेलं होतं. त्यातलं चिमूटभर घेतो. संपायला आलंय.

कॅम्प म्हणजे नदीकाठी आंब्याखाली आठ तंबू आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. आम्हाला शिकवणारा काशिनाथ वाघमारे. तिथल्याच वाडीतला कातकरी, पन्नाशीचा, हडकुळा, दात पानानं लाल. लहानपणी याच नदीत हातानं खेकडे धरायचा. माझ्याबरोबर शिकायला पुण्याचे दोघं नवराबायको होते, कॉम्प्युटरवाले. ते दिवसातून दहादा एकमेकांचे फोटो काढायचे. माणसं वाईट नव्हती.

नदी बघितली आणि मला हसू आलं. नुसते दगड. मधून एक धार, पोटरीएवढी. म्हणालो, एवढ्यासाठी टोपी नि जाकीट घालता होय?

काशिनाथ म्हणाला, "काका, पाणी सकाळी सोडतात. वर वीजघर हाय. उद्या दहाला बघा, मग बोला."

ते मला पटायला वेळ लागला. आमच्याकडं पाणी तिथीवर चालतं. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी मरतं. पुनवेला, अवसेला उधाण. चंद्र बघून आम्ही बांधावर जायचो. इथं कुणीतरी माणूस वर बसून चावी फिरवतो आणि नदी येते. चंद्रावर भरवसा ठेवता येतो. माणसावर कसा ठेवायचा?

दुपारी डोहात नेलं. डोह संथ, हिरवागार, खाली किती खोल ते दिसत नाही. होडी पिवळी. आत पाय घातले तर गुडघे दोन्ही बाजूंना वर दाबून धरायचे, म्हणजे होडी अंगाला शिवल्यासारखी होते. वल्हं एकच, पण दोन तोंडांचं. कमरेला रबरी घेर घालतात आणि तो होडीच्या तोंडावर ताणून बसवतात, म्हणजे आत पाणी येत नाही. मी म्हणालो, हा तर परकर झाला. पुण्याची बाई हसली.

काशिनाथ हसला नाही. म्हणाला, "परकर म्हणा. पण ही पुढची पट्टी ध्यानात ठेवा. उलटलात की ही पुढं ओढायची, मग घेर सुटतो आणि तुमी बाहेर. पट्टी सापडली नाय तर परकर काय नि कफन काय."

आणि पहिला धडा हाच, मुद्दाम उलटायचं.

आयुष्यभर मी पाण्यात आहे. पण पाण्यात म्हणजे कमरेएवढ्या, छातीएवढ्या. डोकं कधी मी पाण्याखाली घातलं नाही, आंघोळीला तांब्या घेतो तेव्हासुद्धा तोंड वर करतो. काशिनाथ छातीभर पाण्यात होडीजवळ उभा राहिला. म्हणाला, उलटल्यावर आधी होडीच्या पोटावर तीन थापा मारायच्या, घाई नाही हे स्वतःला कळावं म्हणून. मग पट्टी. मग मांडीवरून पॅन्ट काढल्यासारखी होडी काढायची. मी मान हलवली. त्यानं होडी कलती केली.

खाली अंधार नसतो, हिरवं असतं. नाकातून पाणी थेट डोक्यात जातं. थापा बिपा मी काही मारल्या नाहीत. हात पट्टीवर जाण्याऐवजी वर, म्हणजे खाली, जमीन शोधायला गेले. पाय बांधलेले. मला वाटलं, हिराला असंच झालं असेल का, सगळं दिसतंय आणि हात कुठं लावायचा कळत नाही. मग काशिनाथनं जाकिटाला धरून मला वर काढलं.

चार वेळा उलटलो तेव्हा पाचव्यांदा पट्टी सापडली. काठावर बसून थरथरत होतो, ऊन असून. प्राची बाजूला बसली. माझ्या पाठीवर टॉवेल टाकला.

रात्री सुकटीची चटणी काढली. पुण्याच्या नवऱ्यानं बोटभर खाल्ली आणि तीन ग्लास पाणी प्यायला.

पाणी येतं तेव्हा

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मी दात घासून खडकावर बसलो होतो. आधी काही दिसलं नाही, ऐकू आलं. वरून, झाडीतून, लांब ट्रक चालल्यासारखं. मग दगडांच्या मधली धार जाड झाली. मग दगड बारीक झाले. मग दगडच नाहीत, आणि जिथं ते होते तिथं पाणी पांढरं होऊन उसळतंय.

मी उठलो आणि दहा पावलं मागं गेलो. पाय आपोआप गेले.

याचं कारण सांगायला हवं. आमच्याकडं पांढरं पाणी एकाच वेळी दिसतं. खांड जाते तेव्हा. उधाणाच्या भरतीला समुद्राकडचा बांध फुटतो, त्याला खांड म्हणतात. त्यातून खारं पाणी असंच पांढरं होऊन आत घुसतं. तासाभरात बुजवली नाही तर मिठागर गेलं, शेत गेलं. मग सगळा गाव धावतो. पुरुष खांडीत उतरतात, एकाला एक खांदा लावून, छाती पाण्याकडं करून. बायका मागून झुडपं नि चिखलाचे गोळे देतात, ते आमच्या पाठीमागं रचायचे. आम्हाला शिकवण एकच. पाय रोवायचे. काही झालं तरी पाय उचलायचा नाही. एकाचा पाय सुटला तर सगळी रांग जाते.

आणि आणखी एक रीत. जो खांडीत उतरतो त्याच्या घरचं एक माणूस त्याचे कोरडे कपडे घेऊन बांधावर उभं राहतं. तो बाहेर येईपर्यंत ते कपडे खाली ठेवायचे नाहीत आणि धरणाऱ्यानं बसायचं नाही. का, ते कुणाला माहीत नाही. माझी आई माझ्या बापासाठी उभी राहायची. माझ्यासाठी हिरा उभी राहिली, तीन वेळा. पिशवीला गाठ मारल्यासारखं तोंड मिटून. ओरडायची नाही. मी बाहेर आलो की कपडे द्यायची आणि म्हणायची, ओलं राहू नका.

तिसऱ्या खेपेला माझ्या शेजारी धोंडू होता, माझा चुलतभाऊ. धोंडूला भीती ठाऊक नव्हती. पाण्यात उभा राहून तो बायकांना चिडवायचा. एक लाट मोठी आली, धोंडूनं हसत एक पाय पुढं टाकला, पाण्याला जरा अजून आडवं व्हावं म्हणून. तो आत गेला तो गेलाच. त्याची बायको पूर्ण ओहोटी लागेपर्यंत कपडे धरून उभी होती. तिच्या हातातून ते काढून घ्यायची कुणाची हिंमत झाली नाही.

म्हणून मी दहा पावलं मागं गेलो. पुण्याचे दोघं फोटो काढत होते.

त्या दिवशी आम्हाला मुख्य धारेत नेलं नाही. नदीचा एक फाटा आहे, मधल्या बेटाच्या अलीकडचा, वीस हात रुंद. तिथं पाणी धावतं पण बेताचं. काशिनाथनं शिकवलं की मोठ्या दगडाच्या पाठीमागं पाणी थांबलेलं असतं, उलट वर चढतं सुद्धा. तिथं होडी घुसवली की विसावा. धारेत शिरताना प्रवाह जातो त्या बाजूला होडी कलती करायची. आणि दगडावर आदळणार असं दिसलं तर दगडाला ढकलायचं नाही, त्याच्यावर रेलायचं.

हे मला जमेना. खाडीत आम्ही खांबावर होडी जायला लागली की हातानं ढकलतो, उलटे रेलतो. इथं तसं केलं की वरच्या बाजूनं पाणी होडीवर चढतं आणि तुम्ही उलटे. मी तीनदा ढकललं, तीनदा उलटलो. पट्टी मात्र तिन्ही वेळा सापडली.

काशिनाथ म्हणाला, "काका, दगडाला मिठी मारा. बायकोला मारायचात तशी."

प्राचीनं त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं, आजी गेल्याचं त्याला माहीत नव्हतं बहुतेक. मी म्हणालो, "ती असली मिठी मारू देत नव्हती, ढकलूनच द्यायची." काशिनाथ खूप हसला. मग चौथ्यांदा मी खरंच खडकावर रेललो, गाल लागला त्याला. होडी थरथरली, आणि सरकून बाजूनं निघाली. मी वर होतो.

पाण्यात पडलो तर काय, तेही सांगितलं. पाठीवर व्हायचं, पाय पुढं, पायाची बोटं पाण्याबाहेर, आणि वाहत जायचं. "उभं राहायचं नाय," काशिनाथ म्हणाला. "ढुंगण जमिनीला टेकेपर्यंत उभं राहायचं नाय. पाणी गुडघ्याएवढं असलं तरी." पुण्याच्या बाईनं ते वहीत लिहून घेतलं. मी लिहून घ्यायला हवं होतं.

दुपारी काशिनाथच्या घरी जेवलो. त्याच्या बायकोनं नदीच्या खेकड्यांचं कालवण केलं होतं. खेकडे गोडसर, आमच्या खाडीतल्या चिंबोऱ्यांची चव नाही. मी माझी पुडी काढली आणि वर थोडं मीठ टाकलं. त्याच्या बायकोला राग आला असावा. मग मी पुडी तिच्याकडं दिली, बघ म्हटलं, बाजारचं नाही. तिनं जिभेवर टेकवलं, काशिनाथच्या ताटात थोडं घातलं आणि उरलेली पुडी घडी घालून मला परत दिली.

फाट्यावर

तिसरा दिवस. याबद्दल घरी अजून नीट बोललो नाही.

फाट्याच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत एकट्यानं यायचं होतं. सरळ साठ-सत्तर पावलं. मधे एक पायरी, तिथं पाणी पांढरं होतं, मांडीएवढी उंच लाट. प्राची तिच्या निळ्या कयाकमधून खाली थांबली होती. काशिनाथ काठावर दोरी घेऊन.

 न्याहारी गेली नव्हती. आत्ताच नाही म्हणावं, हातपाय शाबूत आहेत, पोरीला घेऊन घरी जावं, असं वरच्या टोकाला बसून मी पाच मिनिटं घोकत होतो. मग खाली बघितलं तर ती माझी वाट बघत होती. सुटलो.

पायरीवर होडीचं नाक खाली गेलं, वर आलं आणि आडवं झालं. मी उलटलो. हिरवं पाणी. ह्या खेपेला मी थापासुद्धा मारल्या, एक, दोन, तीन. पट्टी ओढली, बाहेर आलो. तोंड वर, श्वास घेतला. आणि पायाला जमीन लागली.

पाणी कमरेएवढं होतं.

पुढचं मी केलं नाही, अंगातल्या चाळीस वर्षांच्या सवयीनं केलं. मी वळलो, छाती पाण्याकडं केली आणि पाय रोवले. उभा राहिलो. एवढ्या धारेत अडुसष्टाव्या वर्षी उभा राहिलो, ह्याचा मला क्षणभर अभिमान वाटला. काशिनाथ ओरडत होता ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

आमच्या खांडीत खाली चिखल असतो. चिखल पाय धरतो आणि सोडतो. इथं दगड. डावा पाय दोन दगडांच्या मधे सरकला, घोट्यापर्यंत, आणि बसला. मी उजवा उचलला, डावा सोडवायला. त्यासरशी पाण्यानं मला मागं पाडलं. पाय तिथंच अडकलेला आणि मी उताणा, पाणी छातीवरून तोंडावर. डोकं वर काढायला कमरेतून उठायचो, पाणी परत पाडायचं. तीनदा उठलो. चौथ्यांदा उठायला जोर नव्हता.

तेव्हा मला धोंडूची बायको दिसली. खोटं सांगत नाही. कपडे धरून उभी.

मग पाठीमागं काहीतरी आलं, काखेत बसलं, आणि वर ओढलं. दोरी होती. एक टोक ह्या काठाला काशिनाथकडं, दुसरं टोक घेऊन प्राची कयाक मारत बेटावर गेली होती आणि तिथून ताणून धरलं होतं. मी दोरीवर रेललो, तोंड पाण्याबाहेर आलं.

प्राची बोलत होती. ओरडत नव्हती. बोलत होती, पाण्याच्या वरून ऐकू येईल एवढंच. "आजा, हात दोरीवर टाका. दोन्ही. पायाकडं बगू नका, माज्याकडं बगा. आता आमी वरच्या अंगाला ओढणार. पाय जसा गेला तसाच निघंल. जोर लावू नका तुमी."

आयुष्यात कुणी मला असे हुकूम सोडले नव्हते. मी ऐकले. दोघं दोन काठांनी वर चालायला लागले, दोरी मला प्रवाहाच्या उलट घेऊन गेली, आणि पाय सुटला. बूट आतच राहिला. अजून तिथंच असेल.

मग मला सांगावं लागलं नाही. पाठीवर झालो, पाय वर केले, आणि ढुंगण वाळूला टेकेपर्यंत उभा राहिलो नाही.

जीपच्या मागं

घोटा सुजला होता, मोडला नव्हता. काशिनाथनं पट्टी बांधली, शिव्या दिल्या, मग चहा आणला. म्हणाला, तीस वर्षांत मी एवढं शिस्तीत उभं राहून बुडायला निघालेलं माणूस बघितलं नाय. मी त्याला खांडीचं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि माझा चहा परत भरला.

प्राची दिसेना म्हणून मी लंगडत शोधायला गेलो. कॅम्पची जीप उभी होती, तिच्या मागं ती वाकली होती. ओकत होती.  मी मागं सरलो. तिला मी दिसलो नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं खडकावर बसलो होतो. पाणी उतरलं होतं, पुन्हा नुसते दगड. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची परीक्षा होती. मोठ्या धारेतून, पांढऱ्या पाण्याचे सगळे मोठे टप्पे, एकटीनं.

ती म्हणाली, "तुमी नाय म्हणालात तर मी बसणार नाय परीक्षेला. आज बगितलंच ना तुमी."

मी तिला विचारलं, भीती वाटते का. ती म्हणाली, रोज वाटते. सकाळी पाणी यायच्या आधी पोट बिघडतं. आईला सांगू नका.

मग का कोण जाणे, जे चौदा महिने कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं. हिराला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा नर्सनं तिची साडी, बांगड्या, चपला एका पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. धरा म्हणाली. मी धरून उभा राहिलो, तास, दीड तास. मग पाय दुखायला लागले. पिशवी बाकावर ठेवली आणि खाली चहा प्यायला गेलो. वर आलो तर डॉक्टर मुलाशी बोलत होते, आणि मुलगा भिंतीला टेकला होता.

मला कळतं. गाठ पोटात होती, पिशवीत नव्हती. पण हिरा तीन वेळा उभी राहिली आणि मी एकदा राहिलो नाही.

प्राची माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "आजीनंच मला सांगितलेलं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. म्हणाली, तुजा आजा खांबासारका उबा राहील, त्याचे पाय दुखतात. त्याला खाली ने, चहा पाज. मी विसरले. तुमी आपले आपण गेलात."

मी सुजलेला घोटा चोळत बसलो.  थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग नायच ना?" मी म्हणालो, झोप आता.

झोप मला लागली नाही. मी धोंडूचा विचार करत होतो. धोंडूचा पाय पुढं गेला कारण त्याला भीती नव्हती. पाय रोवून मी बुडायला निघालो, भीती असून, कारण जुनं तेवढंच येत होतं. आणि ही पोर, पोटात भीती घेऊन हातानं बरोबर काम करते, आणि मग जीपच्या मागं जाऊन ओकते. असं माणूस मी खांडीत माझ्या शेजारी मागून घेतलं असतं.

शेवटची सकाळ

सकाळी लवकर, पाणी यायच्या आधी, मी काशिनाथला म्हटलं मला डोहात एकदा बसायचंय. लंगडत बसलो. मुद्दाम उलटलो, तीन थापा, पट्टी, बाहेर. पाठीवर होऊन पाय वर केले. काशिनाथनं टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाला, आता कुठं जमलं, आता घरी चाललात.

दहाला आवाज आला. प्राची जाकीट, टोपी घालून तयार, हातात कोरड्या कपड्यांची पिशवी, गुलाबी टी-शर्ट नि पॅन्ट. ती जीपमधे ठेवायला चालली होती. वळून माझ्याकडं बघितलं. 

मी हात पुढं केला. म्हणालो, "दे इकडं."

तिला रीत माहीत होती. आजीनं सांगितलेली. तिनं पिशवी दिली, माझ्या पायांना हात लावला आणि गेली.

शेवटचा मोठा टप्पा वळणावर असतो, तिथं मी खडकावर उभा राहिलो. कपडे पिशवीतून काढून हातावर घेतले, तसेच धरतात. पुण्याच्या नवऱ्यानं खुर्ची आणली. म्हणाला, काका, पायाला लागलंय, बसा, ते इथं ठेवा. मी नाही म्हणालो. त्याच्या बायकोनं त्याला काहीतरी खुणावलं आणि खुर्ची गेली.

पाण्यात उतरलो होतो तेव्हाची भीती वेगळी होती. तिथं हाताला काम असतं. काठावर हाताला फक्त कपडे. हिरा तीनदा अशी उभी होती आणि मी बाहेर येऊन तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला काय झालं होतं म्हणून. मला वाटायचं, ती काय, कोरडीच तर होती.

निळी कयाक वळणावर दिसली, लाटेमागं गेली. वर आली ती उलटी होती. होडीचं निळं पोट वर, आणि प्राची नाही.

मी मनात थापा मोजल्या. एक. दोन. तीन. चार झाल्या. कपडे मी छातीशी धरले होते. मग पाण्यातून वल्ह्याचं एक तोंड वर आलं, झटका बसला, आणि तिच्यासकट होडी सरळ झाली. ती बाहेर पडली नव्हती, आतूनच वळवली होती. केस तोंडावर. एका दगडावर गेली, रेलली त्याच्यावर, सुटली, आणि खालच्या संथ पाण्यात आली.

परीक्षा घेणारे लांबून अंगठा दाखवत होते. तिनं तिकडं बघितलं नाही. काठाला लागली, होडी ओढली, आणि निथळत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला काय बोलायचं ते माहीत होतं, कारण ते मी तीनदा ऐकलं होतं.

म्हणालो, "ओली राहू नको, बाय."

पनवेल

घरी सुनेला सांगितलं, हो. घोट्याचं विचारल्यावर पायरी चुकली म्हणालो, ते खोटं नाही.

प्राची आता तिकडं असते. आठवड्यातून एकदा येते. मीठ संपलं, बरणी धुऊन ठेवली आहे. रोज सकाळी दहाला माझं घड्याळाकडं लक्ष जातं, पाणी सुटलं असेल म्हणून. भीती कमी झाली असं कुणी सांगेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बाराच्या आसपास तिचा फोन येतो. दोनच शब्द असतात. म्हणते, "आजा, कोरडी हाय."

सून म्हणते, बाबा, तोवर बसा तरी. फोन येईपर्यंत मी बसत नाही.